ताप उतरवायचा नाही, कळवायचा: ल्युकेमियाच्या मुलाच्या घरात फ्लूची तयारी

रक्ताच्या कॅन्सरची फाइल हातात पडली की पहिल्या महिन्यात कानावर इतकं आदळतं की निम्मं डोक्यात शिरतच नाही. इंडक्शन (केमोचा पहिला, जोरदार टप्पा), पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी), पाठीतलं इंजेक्शन, प्लेटलेटसाठी रक्तदाते शोधा, महात्मा फुले योजनेचे कागद आणा. या गडबडीत नर्सताई जाता जाता सांगतात, ‘ताप आला तर लगेच यायचं हं.’ आपण मान हलवतो. ताप म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतंच, असं आपल्याला वाटतं.

मलाही वाटायचं. आम्ही सिन्नरचे, मुलीचे उपचार मुंबईला परळमध्ये. उपचारांच्या दुसऱ्या वर्षी, मेंटेनन्स म्हणजे केमोचा शेवटचा लांब टप्पा चालू असताना, ऑगस्टमध्ये तिला फ्लू झाला आणि तो घरात मीच आणला होता. एसटीतून येताना अंग मोडून आलं होतं, नाक वाहत होतं. पावसाळा आहे, व्हायचंच, म्हणून मी रात्री तिच्याच कुशीत झोपले. तिसऱ्या दिवशी तिला ९९.६ ताप. गल्लीतल्या डॉक्टरांनी ‘व्हायरल आहे, तीन दिवस बघू’ म्हणून तापाचं आणि सर्दीचं औषध दिलं. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. मी त्यांना केमो चालू असल्याचं सांगितलं, पण परळला फोन मात्र केला नाही. ती नऊ दिवस दाखल होती, त्यातले तीन ऑक्सिजनवर. आज ती बरी आहे, शाळेत जाते. तेव्हा मला काय काय माहीत असायला हवं होतं, ते खाली क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी हे समजून घ्या: फ्लू यांना एवढा का भोवतो

सर्दी वेगळी, फ्लू वेगळा. सर्दी हळूहळू चढते. फ्लू दुपारी नव्हता आणि संध्याकाळी अंगावर कोसळला, असा येतो: ताप, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला. शेजारच्या पोराला तो पाच-सहा दिवस लोळवतो आणि सोडून देतो. ते पोर बरं होतं, कारण विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे लिम्फोसाइट, त्याच्या रक्तात भरपूर असतात. मुलांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा ल्युकेमिया म्हणजे एएलएल. तो नेमका याच पेशींच्या घराण्यातला आजार, आणि औषधं मारतात तीही हीच. त्यामुळे नाकातला विषाणू छातीत उतरायला फार वेळ लागत नाही आणि एकदा बसला की उठत नाही. निरोगी माणूस साधारण आठवडाभर विषाणू पसरवतो, ही मुलं कित्येक आठवडे पसरवू शकतात.

धोका दोन टप्प्यांत येतो, आणि दुसराच पालकांना चकवतो. पहिला खुद्द फ्लूचा न्यूमोनिया. दुसरा असा: विषाणूने श्वासनळीचं अस्तर सोलून काढलेलं असतं, त्यावर न्यूमोकोकस किंवा स्टॅफ जातीचे जंतू घर करतात. ताप उतरतो, मूल उठून बसतं, वरण-भात मागतं, घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढतो, खोकला ओला होतो. उतरून परत आलेला ताप पहिल्या तापापेक्षा वाईट. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, फार दिवस खाली असतील तर यात बुरशीचीही भर पडू शकते. मेंदू, हृदय आणि स्नायूंचे त्रास विरळा असतात, पण त्यांच्या खुणा पुढे लिहिल्या आहेत. आणि सगळं नीट पार पडलं तरी केमो मागे पडते. आमची तीन आठवडे पडली.

रिपोर्ट वाचायला शिका

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद आला की सगळे पालक एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा आकडा, विचारतात. तो घरीही काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. एकूण १८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के, तर एएनसी ३९६. ५०० च्या खाली म्हणजे जंतूंसाठी दार उघडं.

पण फ्लूच्या बाबतीत शेजारची ओळही वाचा. माझ्या मुलीच्या त्या आठवड्यातल्या कागदावर एकूण पेशी २४००, न्यूट्रोफिल ७० टक्के. म्हणजे एएनसी १६८०. मी खूश, ‘काउंट छान आहेत’ असं आजीला फोनवर सांगितलंसुद्धा. त्याच कागदावर लिम्फोसाइट १२ टक्के होते, म्हणजे २८८. न्यूट्रोफिल जंतूंशी लढतात, विषाणूंशी लढणारे हे दुसरे. एएनसी चांगला म्हणून फ्लूला घाबरायचं कारण नाही, असा हिशेब करू नका. तो मी करून बसले आहे.

पावसाळ्याआधी: लस

परदेशातले लेख वाचून बरेच जण फ्लूची लस ऑक्टोबरसाठी राखून ठेवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट जुलै ते सप्टेंबरात येते आणि दुसरी, लहान, जानेवारी ते मार्चमध्ये. जूनमध्ये शाळा उघडतात, पाठोपाठ दहीहंडी, गणपती. विषाणूला याहून सोयीचं वेळापत्रक कुणी आखून दिलं नसतं. लस टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून एप्रिल-मे हाच काळ धरा. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नवी. खोक्यावर कोणत्या हंगामाची आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. मागच्या वर्षीची उरलेली कुपी नको.

ही लस सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात नाही, बहुधा विकतच घ्यावी लागते. कुणी ‘चार जातींची घ्या, तीनची नको’ म्हणून पळवलं तर पळू नका. फ्लूच्या बी गटातली यामागाता ही चौथी जात मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलीच नाही.

मुलाला कधी टोचायची ते कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. इंडक्शनच्या महिन्यात सहसा देत नाहीत, कारण शरीर तिला प्रतिसादच देत नाही. मेंटेनन्समध्ये काउंट बरे असताना देतात. नऊ वर्षांखालच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. सुई द्यायच्या आधी प्लेटलेट किती आहेत ते सांगा, आणि नंतर ती जागा चोळू नका, पाच मिनिटं दाबून धरा. फक्त टोचायची लस. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची असते, ती या मुलांना चालत नाही.

आता खरी गोष्ट: केमोवरच्या मुलाला लस देऊनही ती अर्धवटच लागू पडते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी घ्यायची. आई, बाबा, आजी, आजोबा, भावंडं, दुपारी सांभाळायला येणाऱ्या मावशी. आमच्याकडे त्या वर्षी पैशाचा विचार करून फक्त मुलीला दिली, आणि विषाणू आला माझ्यामार्फत. हात आखडता घ्यायचाच असेल तर दुसऱ्या कशात तरी घ्या.

जाता जाता: पल्स पोलिओच्या रविवारी दारात थेंब घेऊन ताई येतात. केमोवरच्या मुलाला थेंब द्यायचे नाहीत, आणि घरातल्या धाकट्या भावंडालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीत. भावंडांसाठी टोचायची पोलिओ लस असते. ताईंना समजावून सांगितलं की त्या समजून घेतात.

घरात काय बदलायचं

फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवत असतो. म्हणजे ‘खोकला आला की लांब राहू’ हा नियम एक दिवस उशिराच लागू होतो. म्हणून पावसाळाभर, कुणी आजारी असो वा नसो, बाहेरून आलं की साबणाने वीस सेकंद हात, मग मूल. सॅनिटायझर चालतो.

कुणाला कणकण आलीच तर त्याने मास्क लावायचा, आणि शक्यतो एन९५. मुलाने मास्क लावून खोकणाऱ्याच्या मांडीवर बसण्यात अर्थ नाही. वेगळी खोली हवी, असं सगळे लिहितात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ती आणायची कुठून? तिथे एवढं करा: आजारी माणूस खिडकीच्या बाजूला, मूल दाराच्या बाजूला, डोकी विरुद्ध दिशांना. पाऊस आत येत असला तरी खिडकी फटभर उघडी. मुलाला भरवणं आणि औषध देणं त्या आठवड्यात दुसऱ्या माणसाकडे.

भेटायला येणारे हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. आजारी माणसाला बघायला जाणं हा आपला शिष्टाचार, आणि आलेली मावशी गालाचा पापा घेतल्याशिवाय जात नाही. मी सगळं डॉक्टरांवर ढकललं. दारावर कागद लावला, ‘डॉक्टरांनी भेटीस मनाई केली आहे, क्षमस्व’. दोन नातेवाईक अजून रुसलेले आहेत. गणपतीत दर्शनाला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीतून दर्शन, मुलगी आत. आरती तिने दाराच्या फटीतून टाळ वाजवून केली.

घरात किंवा शाळेच्या बाकावर शेजारी कुणाला फ्लू असल्याचं तपासणीत निघालं, तर मुलाला ताप यायची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा. अशा वेळी प्रतिबंधक म्हणून दिवसातून एकदा, सात ते दहा दिवस, फ्लूचं औषध देता येतं. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला त्यांना कळायला तर हवं.

एक पिशवी, एक पत्र

दाराच्या खुंटीला एक पिशवी कायम भरलेली ठेवा. तिच्यात फाइलची झेरॉक्स, शेवटचा सीबीसी, आधार आणि योजनेचं कार्ड, डिजिटल थर्मामीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जास्तीचे सेल, चार्जर, दोन जोडी कपडे, मास्क आणि मुलाचं आवडतं काहीतरी.

पत्र त्याहून महत्त्वाचं, विशेषतः जे जळगाव, नांदेड, रत्नागिरीहून मुंबई-पुण्याला येतात त्यांच्यासाठी. कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या: आजार कोणता, उपचारांचा कोणता टप्पा, ताप आला तर पहिलं कोणतं अँटिबायोटिक शिरेतून द्यायचं, आणि रात्री कोणत्या नंबरवर बोलायचं. मग शांत दिवस बघून आपल्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाऊन विचारून या: रात्री मुलांचे डॉक्टर कुठे असतात, ऑक्सिजन कुठे आहे, मुलांचं आयसीयू कुठे आहे. कसारा घाट ओलांडून परळ गाठायला आम्हाला चार-पाच तास लागतात, आणि पावसात त्याहून जास्त. अँटिबायोटिकचा पहिला डोस जवळच घ्यायचा आणि मग निघायचं, हे आम्हाला नंतर शिकवलं गेलं. गावच्या दवाखान्यात पोर्टची खास सुई बहुधा नसते. ‘पोर्टला हात लावू नका, हाताच्या शिरेतून द्या’ हेही पत्रात लिहून घ्या.

ताप आला. आता घड्याळ बघा

कपाळाला हात लावून ताप बघायचा नाही, मोजायचा. तोंडात किंवा काखेत. गुदद्वारात कधीच नाही, तिथली साधी जखमही या मुलांना महागात पडते. एकदा जरी १०१ फॅरनहाइट दिसला, किंवा १००.४ तासभर टिकला, तरी निघायचं. काखेतला आकडा खऱ्यापेक्षा अर्धा-एक अंशाने कमी दाखवतो, म्हणून काखेत १०० दिसला की मी फोन करते. वेळ आणि आकडा वहीत लिहा.

पॅरासिटामॉल आधी देऊ नका. आयांना हे सगळ्यांत जड जातं, मला माहीत आहे. लेकरू तळमळत असतं आणि बाटली हाताशी असते. पण ते दिलं की आकडा खाली येतो, आपण निश्चिंत होतो, आणि रात्र निघून जाते. ताप ही या मुलांच्या घरातली धोक्याची घंटा. घंटा बंद केली तरी आग चालूच राहते. मोजा, कळवा, डॉक्टर हो म्हणाले की मग द्या. आयबुप्रोफेनने प्लेटलेटचं काम बिघडतं, ते नको. अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नको. फ्लूमध्ये मुलाला अ‍ॅस्पिरिन दिलं तर रेये सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा घातक आजार होऊ शकतो. डोकेदुखीच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांतही ते असतं.

आणि काढा? आजीच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही, पण केमोची गोळी आधीच यकृताला दमवत असते. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. हळद घातलेलं गरम दूध द्या, आजीचंही समाधान होतं. वाफेचं भांडं मुलाजवळ नकोच, भाजण्याची भीती.

ताप नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. महिन्यातले स्टेरॉइडचे पाच दिवस चालू असतील तर ताप दबलेला राहतो. मूल नुसतं मलूल पडलंय, हातपाय गार, लघवी कमी, एवढंही निघायला पुरेसं आहे. आणि शेवटचं स्टेरॉइड कधी घेतलं ती तारीख डॉक्टरांना न विचारता सांगा. फार दिवस स्टेरॉइड घेतलेल्या शरीराला आजारपणात स्वतःचं स्टेरॉइड पुष्कळदा पुरेसं बनवता येत नाही, मग ते बाहेरून द्यावं लागतं.

श्वास मोजणं असं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट. त्या रात्री मी तिच्या पोटावर तिची कापडी बाहुली ठेवली आणि मोबाइलचं घड्याळ लावून बाहुली किती वेळा वर येते ते मोजलं. सेहेचाळीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं, अठ्ठेचाळीस. एक ते पाच वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० आणि त्याहून मोठ्याला ३० च्या वर श्वास म्हणजे धाप. ती सहा वर्षांची होती. मग मी फ्रॉक वर केला आणि दिव्याखाली बघितलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. आम्ही तिथून दहा मिनिटांत निघालो.

ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला तर थांबायचं नाही. पण ९७ दिसला म्हणूनही थांबायचं नाही. हिमोग्लोबिन सहा-सात असेल तर जेवढं रक्त आहे तेवढ्यातलं ९७ टक्के भरलेलं आहे, इतकंच तो आकडा सांगतो. गाड्या भरलेल्या आहेत, पण गाड्याच कमी.

ओठ-नखं निळसर, धाप, फिट, असंबद्ध बोलणं किंवा उठवून न उठणं: यातलं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या आयसीयूत जा. फ्लू क्वचित मेंदूवर जातो, आणि ते बहुधा तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतं. मेथोट्रेक्सेट हे केमोचं पाठीतलं इंजेक्शन शेवटचं कधी दिलं ती तारीख तिथे सांगा, कारण तशी लक्षणं त्यानेही होऊ शकतात. पोटऱ्या दुखतात म्हणून मूल चालायला नाही म्हणालं तर व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधावर ढकलून मोकळं होऊ नका. फ्लूने स्नायू सुजतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर लगेच दाखवा.

दवाखान्यात

कॅज्युअल्टीच्या खिडकीशी पहिलं वाक्य हेच बोला: ‘ल्युकेमिया आहे, केमो चालू आहे, इतक्या वाजल्यापासून इतका ताप.’ रांगेत बसू नका आणि इतर मुलांच्या मधेही बसू नका. काउंट कमी असलेल्या मुलाला दवाखान्यात पोहोचल्यापासून एका तासात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असा दंडक आहे. वीस मिनिटांत कुणी पाहिलं नाही तर पुन्हा उठून सांगा. भीड बाळगू नका.

मग रक्ताचं कल्चर, सीबीसी, छातीचा एक्स-रे, नाका-घशातला स्वॅब. प्लेटलेट कमी असतील तर स्वॅब घेणाऱ्याला आठवण करा, नाकातून रक्त येतं. ‘विषाणू आहे तर अँटिबायोटिक कशाला?’ असा प्रश्न मीही विचारला होता. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, ‘आज कुणालाच सांगता येणार नाही हा ताप कशाचा. दोघांनाही एकदमच अडवू.’ पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मी देवाला हात जोडले, तर त्यांनी तेही समजावलं: एक्स-रेवर न्यूमोनियाचा डाग उमटायला पांढऱ्या पेशी तिथे गोळा व्हाव्या लागतात. पेशीच नसतील तर डाग उशिरा दिसतो. दुसऱ्या दिवशी दिसलाच.

झटपट होणारी फ्लूची चाचणी निगेटिव्ह आली तरी फ्लू नाही असं होत नाही, ती बऱ्याचदा चुकते. पीसीआर खरी.

फ्लूचं औषध: वाट पाहायची नाही

औषधाचं नाव ओसेल्टामिविर. दुकानात टॅमीफ्लू, फ्लूवीर अशा नावांनी मिळतं. पुण्यात ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तेव्हा ते फक्त ठरावीक सरकारी दवाखान्यांत मिळायचं, लोक नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लावून उभे होते. २०१७ पासून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतं. तो २००९ चा एच१एन१ विषाणू गेलेला नाही, आता तो दरवर्षीच्या साध्या फ्लूपैकीच एक झाला आहे.

तेव्हापासूनच्या सरकारी नियमावलीत रुग्णांचे अ, ब-१, ब-२ आणि क असे गट आहेत. कॅन्सर, रक्ताचे आजार आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे ब-२ मध्ये येतात. ब-२ म्हणजे ताप आणि घसा अशी लक्षणं असली की चाचणीच्या निकालासाठी न थांबता ओसेल्टामिविर सुरू करायचं. क म्हणजे धाप वगैरे, थेट भरती. तालुक्याच्या दवाखान्यात ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ म्हणाले तर नम्रपणे म्हणा, ‘पेशंट ब-२ मध्ये येतो ना?’ हा शब्द तिथे लगेच कळतो.

पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यांत चांगलं. ४८ तास उलटले म्हणून या मुलांना ते नाकारायचं नसतं. वर्षाच्या पुढच्या मुलांना वजनावर डोस: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, २३ पर्यंत ४५, ४० पर्यंत ६०, त्यापुढे ७५, दिवसातून दोनदा, पाच दिवस. किडनीचा त्रास असेल तर कमी. हे चिठ्ठी पडताळून पाहण्यासाठी लिहिलं आहे, स्वतः देण्यासाठी नाही. केमोवरच्या मुलांना डॉक्टर पुष्कळदा दहा दिवस देतात. दिवसच वाढवले म्हणून घाबरू नका, पण बरं वाटलं म्हणून मध्येच सोडूही नका.

याने उलटी होते. पोटात काही असताना द्या. कॅप्सूल गिळता येत नसेल तर आतली पूड साखरेच्या घट्ट पाकात कालवून देता येते, कडू असते. केमोच्या गोळीला मात्र हा प्रयोग करू नका. ती कुटल्यावर उडणारी धूळ घरच्यांसाठीही चांगली नाही.

आणि केमोची गोळी त्या दिवसांत द्यायची की थांबवायची? स्वतः दोन्ही ठरवू नका. केमोच्या गोळ्या म्हणजे रोजची सिक्स एम पी आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट, शिवाय जंतुसंसर्ग टाळण्यासाठीची सेप्ट्रान, प्रत्येकाचं नाव घेऊन विचारा आणि उत्तर वहीत लिहा. ‘सगळी औषधं बंद’ असं ऐकून सेप्ट्रानही बंद केलेले पालक मी पाहिले आहेत.

घरी आल्यावर

डिस्चार्जनंतर दोन आठवडे रोज दोनदा ताप, एकदा श्वास, वहीत. फ्लूनंतर काउंट आणखी पडू शकतात, म्हणून लवकरच्या सीबीसीची तारीख घेऊनच वॉर्डातून निघा. ‘केमो मागे पडली, आता आजार उलटेल’ ही भीती रात्री झोपू देत नाही. डॉक्टरांना तोंडावर विचारून टाका. मी विचारलं तेव्हा त्यांनी पुढच्या डोसचं वेळापत्रक काढून समोर ठेवलं, आणि मला निदान दिसलं की कुणीतरी हिशेब ठेवतंय.

खोकला दोन-तीन आठवडे राहिला तरी चालतो, कमी होत गेला पाहिजे. शाळा, डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि पुढच्या ओपीडीला गेलात की नोंदणीच्या ताईंना आधी सांगा, ‘फ्लू होऊन गेलाय.’ तुमचं मूल अजून विषाणू सोडत असेल आणि शेजारच्या बाकावर इंडक्शनचं बाळ बसलेलं असेल. आम्हाला त्यांनी जिन्याजवळचा वेगळा बाक दिला, आणि आत जायचा नंबरही लवकर लागला.